डावा काठ

बसा हो. असं उंबऱ्यावर नका बसू, आत सरकून बसा. चहा ठेवलाय, तवर एक गोष्ट सांगतो. घोंगडीची गोष्ट हाय. माग बंद पडला, पोरगं शहरात गेलं, म्हातारा कपाळाला हात लावून बसला, तसली न्हाई बरं का. ती तुम्ही लई येळा ऐकली असंल. ह्या गोष्टीतला माग चालूच हाय. आज सकाळी बी चालू होता.

तर कुंभार पिंपळगावात, बाजारतळाच्या मागल्या अंगाला, नंदाबाई ओसरीत रहाट फिरवून कांड्या भरून राह्यलीय. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची गुंडाळी. धोटा हिकडून तिकडं पळतो, कांडीतून लोकरीचं सूत सुटत जातं आन् घोंगडी वाढत जाती. टोपलं भरलंय. टोपल्यावर ढीग झालाय. दोन कांड्या गडगडत खाटेखाली गेल्यात. खाटेवर तिचा नवरा धर्मराज. तोंड जरासं वाकडं, आन् उजवा हात दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यावाणी पोटावर ठेवलेला.

"कांड्या कुणासाठी भरून राह्यली?" तो म्हणला. जीभ जड झाल्ती, पर टोमणा बराबर निघायचा. "कोण विणणार? तुझा बाप?"

"बाप मेला माझा."

"म्हणूनच इचारतो."

समोरच्या खोलीत माग. जमिनीत खड्डा असतो, त्यात पाय सोडून बसायचं. पायानं पट्ट्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा, हात्या ओढून सूत ठोकायचं. त्या मागावर अर्धी घोंगडी तशीच ताणून राह्यल्ती. धर्मराज ती विणत असतानाच त्याला लकवा मारला. धोटा हातातून पडला, तो उचलायला वाकला, आन् वाकलेलाच राह्यला. नंदाबाईला वाटलं, धोटा सापडंना व्हय. ती रहाटावरूनच म्हणली, "डाव्या अंगाला बघा, डाव्या." लई येळ काही बोलणं आलं न्हाई, तवा ती उठली.

जालन्याच्या दवाखान्यातून त्याला घरी आणला. डाक्टर म्हणले, जीव वाचला, हाताचं काही सांगता येत न्हाई. नंदाबाईनं नारळ फोडला. जिवाचं निपटलं, आता घोंगडीचं काय?

दुसरी कुठली असती तर गुंडाळून माळ्यावर टाकली असती. ही लग्नाची होती. वडीगोद्रीच्या अंगाला सोमेश्वर म्हणून मेंढरवाला हाय, धर्मराजचं जुनं गिऱ्हाईक आन् त्याहून जुना दोस्त. त्याच्या नातवाचं लग्न निघाल्तं. त्यांच्या घरात नवरदेव कोऱ्या घोंगडीवर बसतो, मंगच त्याला हळद लागती. लोकर सोमेश्वरनं आपल्या कळपातली दिल्ती, जावळाची. जावळ म्हणजे कोकराची पैली कातरण, लोण्यावाणी मऊ. ती एका कोकराची एकदाच निघती. आन् लग्नाची घोंगडी एका हाताची लागती, असा त्यांचा कायदा. निम्मी एकानं विणली, निम्मी दुसऱ्यानं, तर म्हणे संसारात दोन मतं होत्यात. आता एका हाताच्या घोंगडीवर बसून ज्यांनी संसार केले, त्यांच्यात केवढं एकमत होतं ते आपल्याला मालूम हाय. पर रीत ती रीत.

हात बदलला हे कळतं कसं म्हणाल, तर तुम्हाला आम्हाला न्हाई कळणार. मेंढरवाल्याला कळतं. जल्मभर तेच अंगावर घेऊन रानात निजलेलं माणूस ते. आन् धर्मराजचा हात तर आंधळ्याला बी कळला असता.

लहानपणी तो चिंचेवरून पडल्ता. डावा खांदा निखळला. हाडं बसवणाऱ्यानं तो बसवला, पर जरा वरच बसवला. तवापासून डावा हात आखूड. धोटा डावीकडं पोचला की हात पुरता लांबायचा न्हाई, मंग सुताला हिसका बसायचा. त्या हिसक्यानं घोंगडीचा डावा काठ आत ओढला जायचा. उजवा काठ सरळ, डावा आत. घडी घातली की काठाला काठ लागायचाच न्हाई. त्यापायी बापानं लई मारला त्याला. पर बाप गेला, आन् लोकांनी त्या ऐबाचेच गुण काढले. कुणी म्हणलं, पावसात डोक्यावर खोळ केली की ती ओढ बराबर गळ्यापाशी बसती. कुणी म्हणलं, तिच्यात ऊब जास्ती. जांबच्या रामनवमीच्या जत्रेत लोक घोंगडी उचलायचे, डाव्या काठावरून अंगठा फिरवायचे, आन् एकदा का "धर्मराजची" म्हणले की खाली ठेवायचे न्हाईत. बापाच्या हातचा मार वाया गेला म्हणायचा.

"सोमाला निरोप धाड," धर्मराज खाटेवरून म्हणला. "म्हणावं, दुसरीकडून घे."

"दुसरीकडं कोण राह्यलंय विणणारं? आन् जावळ? उसवून द्यायचं का त्यांना, पोत्यात भरून?"

"मंग काय करू? तोंडानं विणू? तोंड बी वाकडं झालंय."

नंदाबाई उठली, पदर कमरेला खोचला, आन् जाऊन मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली.

आता ह्यात काय मोठं, असं तुम्हाला वाटंल. पर तिथं बाई लोकर पिंजती, कातती, चिंचोक्याची खळ शिजवती, कांड्या भरती, विणलेली घोंगडी धुती. खड्ड्यात पाय सोडत न्हाई. का न्हाई, ते कुणाला सांगता येत न्हाई. नंदाबाई नवी नवरी होती तवा तिनं सासूला इचारल्तं. सासू म्हणली, "न्हाई म्हणजे न्हाई." तेवढंच काय ते शास्तर.

मागाचा ठक-ठक आवाज सुरू झाला तशी भिंतीपल्याडची दैवशाला पळत आली. दैवशाला म्हणजे धाकटी जाऊ. कान लई तिखट, जीभ त्याहून.

"भावजी बरे झाले का काय!" असं वरडतच दारातून आत शिरली. भावजी खाटेवर. आवाज मागाचा. तिनं खोलीत डोकावून बघितलं आन् तोंडावर हात घेतला. "अगं माय माय माय! आक्का, निघा तिथून. घरात अवदसा येती अशानं."

"आलीय ती. खाटेवर निजलीय बघ."

"मी ऐकून राह्यलोय," धर्मराज म्हणला.

"ऐकावं म्हणूनच बोलले." नंदाबाईनं धोटा फेकला. "दैवशाला, गावात एक शब्द बोललीस तर बघ."

"मी कशाला बोलू? मला काय पडलंय?" दैवशाला म्हणली, आन् खरंच बोलली न्हाई. तिच्या जल्मातली ती एकच गोष्ट जी तिनं पोटात ठेवली. पुढं लई दिवस तिला अपचन होतं म्हणे.

तर नंदाबाईला विणता कसं आलं? शिकवलं कुणी न्हाई. लग्न होऊन आली तवापासून ती त्या मागाच्या बाजूला बसून कांड्या भरायची. कुठल्या पट्टीला कुठला आवाज, ठोका कवा पडायचा, सूत तुटायच्या आधी धोटा कसा कण्हतो, सगळं कानात बसल्तं. कानातलं हातात उतरायला थोडा येळ लागला, एवढंच. दुपारपातूर तिनं चार बोटं विणलं.

धर्मराजनं दैवशालाला सांगून खाट मागाच्या दारापाशी ओढून घेतली. मान उचलून बघितलं.

"हे काय?"

"काय झालं?"

"काठ सरळ आलाय."

"मंग?"

"मंग काय मंग? सोमाला काय डोळे न्हाईत? उसव."

नंदाबाईनं काठाकडं बघितलं. दोन्ही अंगाला काठ असा आल्ता, जशी पाटाच्या पाण्याची कड. ठोका घट्ट, कुठं ढिला न्हाई, कुठं गाठ न्हाई. जल्मात पैल्यांदा विणलेलं चार बोटं, आन् चांगलं झालं म्हणून उसवायचं.

"चांगलं झालंय का न्हाई, तेवढं तर सांगा."

"चांगलं झालंय. उसव."

तिनं उसवलं.

मंग दोन दिवस नुसता धिंगाणा. धर्मराज खाटेवरून वरडायचा, "डावीकडं हिसका दे, डावीकडं." ती हिसका द्यायची, तर काठ भलताच आत. "हे बघ, उंदरानं कुरतडल्यावाणी झालं." पुन्हा उसवायची. हलका द्यायची, तर काठ पुन्हा सरळ. "अगं, दरवेळंला सारखा दे." ती म्हणली, "सारखा म्हणजे किती, ते सांगा की." तो चिडला.

"मला काय मालूम किती! मी हिसका देतो का कवा? तो आपसूक बसतो."

हे ऐकलं आन् नंदाबाई थांबली. धोटा मांडीवर ठेवला, खड्ड्यातून पाय काढले आन् खाटेपाशी आली.

"हात द्या."

"कशाला?"

"डावा. द्या म्हणते ना."

तिनं त्याचा डावा हात धरून पुढं ओढला. कोपरापातूर आला, मंग थोडा आणखी, मंग अडला. "आई गं," तो म्हणला. तिथंच धरून तिनं नीट बघून घेतलं, कोपर किती उघडतो, खांदा कुठं वर चढतो. मंग आत गेली, जुन्या लुगड्याची एक पट्टी टर्रकन फाडली, दैवशालाला म्हणली, "बांध." डाव्या दंडावरून काढून पाठीमागून कमरेला अशी बांधली की हात तेवढाच उघडायचा, जेवढा त्याचा.

"बैलाला वेसण बघितल्ती," दैवशाला गाठ मारत म्हणली, "बाईच्या दंडाला आजच बघितली."

"घट्ट बांध. बडबड कमी."

मंग ती विणायला बसली. धोटा उजवीकडं सुटा जायचा, डावीकडं पोचला की हात अडायचा आन् सुताला हिसका बसायचा. काठ बघायची गरज पडली न्हाई. धर्मराजनं डोळे मिटले. ठोक्यात ती जरा अडखळ होती, डावीकडची. रोज स्वतःच्या हातानं काढलेला आवाज त्यानं कवा ऐकलाच नव्हता, विणणाऱ्याला तो ऐकू येत न्हाई. आता आला.

"हां," तो म्हणला. थोड्या येळानं पुन्हा, "हां. हां."

त्याच्या वाकड्या अंगाच्या डोळ्यातून पाणी गळायचं, ते लकव्यामुळं. त्या दिवशीचं बी लकव्याचंच म्हणू आपण.

घोंगडी झाली. मागावरून काढली, धुतली, अंगणात पसरली. जावळ उन्हात असं चमकून राह्यल्तं की कोंबडी बी त्याच्यावरून न जाता वळसा घालून जायची. धर्मराजला दोघींनी धरून आणला, पाटावर बसवला. त्यानं डावा हात काठावर ठेवला आन् सुरवातीपासून अंगठा फिरवत गेला. फिरवत गेला, फिरवत गेला, थेट दुसऱ्या टोकाला आला. पुन्हा मागं फिरला. तोंड उतरत चाललं.

"माझं कुठं संपलं?" तो म्हणला.

नंदाबाईनं उगंच घोंगडीची सुरकुती सारखी केली.

"नंदे, माझं कुठं संपलं? मला घावंना."

आता बघा, त्याला तर हेच पाह्यजे होतं. दोन दिवस त्यासाठीच वरडत होता. पर आपला हात संपला कुठं तेच माणसाला घावंना, तर माणूस भिणारच. नंदाबाईनं त्याचा पंजा धरला आन् घोंगडीवर एका ठिकाणी नेऊन ठेवला.

"इथवर तुमचं."

खरं तर ते तिथवर नव्हतं. त्याचं लई अलीकडं संपल्तं. तिनं आपल्या विणीतली दोन हात घोंगडी त्याच्यात टाकली.

"एवढं झाल्तं माझं?"

"झाल्तं."

"मला वाटलं, कमी झाल्तं."

"तुम्हाला काय ध्यान होतं तवा."

त्यानं तिथं पंजा तसाच ठेवला. ऊन उतरेस्तोवर उचलला न्हाई. नंदाबाई घोंगडीची घडी घालायला थांबून राह्यली.

सोमेश्वर आला तो टेम्पो घेऊनच. आल्या आल्या धर्मराजच्या खाटेवर बसला, खाट करकरली.

"धर्मा, मर्दा, लकवा बी तुला पुरता घेऊन गेला न्हाई. काय उपयोगाचा न्हाईस म्हणून टाकून गेला का?"

"तुझ्याकडं येणार हाय तो. पत्ता इचारत होता."

सोमेश्वर हसला, मंग हसणं गिळून घोंगडी मांडीवर घेतली. पायातली पायताणं काढली. डोळे मिटले. दोन्ही काठ दोन्ही हातात धरले आन् हळूहळू सरकवत नेले, जसं आंधळं माणूस नातवाचं तोंड चाचपतं. नंदाबाई चुलीपाशी होती. चहा उकळून वर आला, सांडला, तरी तिनं भांडं उतरवलं न्हाई.

"एक हात," सोमेश्वर म्हणला. "कुणीतरी मला सांगितलं, धर्माचा हात पडला, घोंगडी अर्धीच राह्यली. खोटं बोलतेत साले. ही तर आधीच झाल्ती."

मंग धर्मराज म्हणला, "आधीच झाल्ती."

नंदाबाईनं चहा आणून दिला. सोमेश्वरनं कप घेताना तिच्या दंडाकडं बघितलं. पट्टीचा वळ उठल्ता, काळानिळा.

"वैनी, हाताला काय झालं?"

"पोळलं."

"दंडाला?"

"भाकरी लई मोठी थापते मी, भाऊ."

तो हसला. ती बी हसली. धर्मराज भिंतीकडं बघत होता. घोंगडी गेली, लग्न लागलं, संसार बी बराबर चाललाय म्हणे. निदान दोन मतं हायत असं कानावर न्हाई.

त्यानंतर धर्मराज दुसऱ्या थंडीपातूर राह्यला. तवर माग चालूच होता. रोज सकाळी दैवशाला येऊन पट्टी बांधून जायची, नंदाबाई विणायची, धर्मराज खाटेवरून ठोका ऐकायचा, चुकला की खाकरायचा. घोंगड्या बाजारात जायच्या, "धर्मराजची" म्हणून उचलल्या जायच्या. लोकांना मालूम नव्हतं असं न्हाई. गावात काय लपतं? पर मालूम हाय असं कुणी म्हणलं बी न्हाई. त्यात सगळ्यांचंच बरं होतं.

तो गेला. तेराव्याचं झालं, पाहुणे पांगले. लेक मोनाली पुण्याहून आल्ती, ती म्हणली, "आई, चल माझ्याकडं." नंदाबाई म्हणली, "येते, एवढा ताणा मागावर चढला की." ताणा म्हणजे घोंगडीचं उभं सूत. मोनालीला कळलं, ही येणार न्हाई.

त्या ताण्याची लोकर नंदाबाईनं स्वतः जाऊन निवडून आणली. काळीभोर, दोन्ही अंगाला एकेक पांढरी रेघ काढायपुरती पांढरी. गल्लीत ताणा पसरला, ह्या टोकाला नंदाबाई, त्या टोकाला दैवशाला. मधी चिंचोक्याची खळ कुंच्यानं लावत, सूत न सूत सुटं करत दोघी पुढं सरकून राह्यल्या. हे काम ऊन चढायच्या आत करावं लागतं, न्हाईतर खळ वाळून सूत काडीवाणी मोडतं.

दैवशाला म्हणली, "आक्का, आज पट्टी कवा बांधू?"

"नगं."

"नगं म्हणजे?"

"हात सुटा ठेवून विणते. बघू तरी कसं येतं."

दैवशालानं कुंचा थांबवला. "भावजींना काय वाटंल?"

"ते आता खाकरत न्हाईत." नंदाबाई म्हणली. "कुंचा चालव, वाळून राह्यलं."

मंग तिनं ती घोंगडी विणली. घाई केली न्हाई. ठोका घट्ट, डावीकडं बी, उजवीकडं बी. कुणी वरडणारं न्हाई, कुणी उसव म्हणणारं न्हाई. झाली तवा घडी घातली, काठाला काठ लावला. लागला. टोकाला टोक लागलं. तिनं घडी उघडली आन् पुन्हा घातली. पुन्हा लागली. म्हातारी बाई, पर लहान पोरीवाणी तिनं ती दोनचारदा घालून बघितली.

दैवशालाला दाखवली. दैवशालानं उलटीपालटी करून बघितली. मनापासून म्हणली, "कित्ती नीट झाली हो. अगदी गिरणीची वाटती."

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. पर नंदाबाईनं घोंगडी हातातून काढून घेतली.

पिंपळगावच्या बाजारात मांडली. माणसं यायची, हात लावायची, काठ बघायची. "गिरणीची हाय का, बाई?" ही म्हणायची, "न्हाई, मागावरची." "मंग काठ एवढा सरळ कसा?" आता ह्याला काय सांगावं? जांबच्या जत्रेत नेली. तिथं जालन्याकडची एक शिकलेली बाई आल्ती, जान्हवी म्हणून, हातमागाच्या वस्तू दुकानात ठेवणारी. चांगली होती बिचारी, खाली मांडी घालून बसली, नीट बघितलं, म्हणली, "फार सुंदर आहे, मावशी. कोणाची ही?"

"माझी."

"हो का? आणि ती धर्मराजांची असते ना, डाव्या काठाची, ती नाहीये का एखादी?"

एक होती. नंदाबाईनं दिली.

दुसऱ्या साली सोमेश्वर आला. नातीचं लग्न, राजनंदिनीचं. आता त्यांच्यात पोरीला बी घोंगडी देत्यात, चांगलं झालं. ह्या खेपेला त्यानं जावळ आणलं नव्हतं. म्हणला, "वैनी, आशेनं आलोय. धर्माच्या हातची एखादी मागं राह्यली असंल तर."

नंदाबाईनं आधी काळी घोंगडी काढली. नुसती त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं डोळे मिटले. दोन्ही काठ दोन्ही हातात धरून सरकवत नेले. टोकाला आला आन् डोळे उघडले. त्याच्या तोंडावर असं काही होतं की नंदाबाई भिंतीचा आधार सोडून सरळ उभी राह्यली.

"घट्ट हाय," तो म्हणला. "लई घट्ट हाय, वैनी. पाणी आत शिरायचं न्हाई. कुणाची?"

"माझी."

"तुमची?" त्यानं तिच्याकडं बघितलं, मंग पुन्हा घोंगडीकडं. पंजा एकदा वरून फिरवला. सोमेश्वरला सगळं कळत होतं, पैल्या खेपंला बी कळलं असंल, असं मला वाटतं. खोलीत मागावर निम्मी विणलेली दुसरी घोंगडी त्याला बसल्या जागेवरून दिसून राह्यल्ती. पर माणसाला दोस्त पाह्यजे असतो, खरं नको असतं. तो म्हणला, "चांगली हाय. पर धर्माची न्हाई का एखादी?"

नंदाबाईनं काळी घोंगडी उचलली, घडी घातली. काठाला काठ लागला. आत गेली आन् दुसरी घेऊन आली, मागल्याच महिन्यात पुन्हा पट्टी बांधून विणलेली, डावा काठ आत ओढलेली.

"ही घ्या. ही त्यांची."

सोमेश्वरनं अंगठा फिरवला आन् घोंगडी कपाळाला लावली. "मेला, पर हात जित्ता हाय बघा, वैनी."

"हाय," नंदाबाई म्हणली. "चहा टाकते."

आता तिची वीण चालू हाय. सगळ्या त्याच्याच निघत्यात. पट्टी बांधायला दैवशालाला बोलवावं लागत न्हाई. हात आपसूक तेवढाच उघडतो, त्यापुढं जात न्हाई. मागं एकदा तिनं पुन्हा सरळ विणून बघितलं म्हणे, हात सुटा होता, कुणी बांधला नव्हता, तरी डावा काठ आत आला. मंग तिनं नाद सोडला. म्हणजे त्या काळ्या घोंगडीसारखी दुसरी आता व्हायची न्हाई.

ती तिनं इकली न्हाई, फेकली न्हाई. आतल्या खोलीत दोरीवर टाकलेली असती, वर दुसऱ्या घोंगड्या. कुणी घोंगडी बघायला आलं तर ती एकदा तरी बाहेर काढतीच. सगळ्यांच्या खाली, सगळ्यात शेवटाला.

घ्या, चहा घ्या, निवून राह्यला. तुम्ही जांबकडं निघालात म्हणता, तर पिंपळगाव वाटेतच लागतं. बाजारतळाच्या मागं इचारा, कुणी बी घर दाखवंल. ती एकेक काढून दाखवील, तुम्ही नुसतं बघत राह्या. शेवटाला काळी निघंल. ती हातात घ्या आन् इचारा, कुणाची म्हणून. ती म्हणंल, माझी. मंग त्यापुढं दुसरं काही इचारू नका. तेवढं करा माझं.